ताळा

तार्तू, जानेवारी. बाहेर उणे एकोणीस,
आत यंत्रांच्या खोलीत बारमाही एकवीस.
महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री
आमच्या डिस्क स्वतःलाच वाचून काढतात,
पहिल्या ठोकळ्यापासून शेवटच्यापर्यंत,
आणि प्रत्येकाचा ताळा करून पाहतात,
शाळेत बेरीज झाली की करायचो तसा.
बहुतेक वेळा जुळतो. मी मोजे विणते.

एखादा ठोकळा सडला तरी घाबरायचं नसतं.
पाच डिस्कवर मजकूर, सहावीवर नुसता हातचा.
पाचातली कुठलीही एक मेली
तरी उरलेल्या चौघींकडून आणि हातच्याकडून
तिचं म्हणणं शब्दशः काढून घेता येतं.
माणसांच्या बाबतीत हे जमलं असतं
तर कितीतरी सरकारांची झोप उडाली असती.

त्या रात्री सगळे दिवे हिरवे होते
आणि तरीही चूक होती.

सापडली कपाट सरकवताना.
मागे हिल्यारची वही पडलेली.
त्याचा यंत्रांवर विश्वास नव्हता, म्हणून तर तो इथे टिकला.
जुन्या फिती डिजिटल करताना
प्रत्येक फाइलचा बत्तीस अक्षरी ताळा
तो निळ्या शाईनं उतरवून ठेवायचा.
गंमत म्हणून चारेक ओळी पडताळल्या,
मग पानभर,
मग विणकाम खाली ठेवलं.

फीत चारशे सतरा.
ओक्सेन्या, सेतो बाई, वय एक्याऐंशी.
ताळा जुळेना.

दोन इमारतींत दोन प्रती, आणि दोघींचं अगदी एकमत.
संगनमत असतं तसं.
जुन्या नोंदी उपसत पहाट झाली तेव्हा कळलं:
नऊ वर्षांपूर्वी नक्कल होताना
एका प्रतीत एक बिट उलटलं, शून्याचा एक.
फरक दिसला. दुरुस्तीचा प्रोग्राम धावून आला
आणि खोटीवरून खरी सुधारून गेला,
वर नवा ताळाही मांडून दिला.
प्रोग्राम माझा.
एका ओळीत 'पासून'च्या जागी 'कडे'.

मग फाइल ऐकली.
कुणीतरी विचारतं, थोरल्या मुलाचं पुढे काय झालं?
नंतर अकरा सेकंद काही नाही.
शेगडीत लाकूड तडकतं. घड्याळ.
सातव्या सेकंदाला: टक्.
मग ती म्हणते, गायीकडे बघायला हवं.

ते टक् म्हणजे माझं बिट.
आणि छापील संहितेत, तळटीप बारा:
'दाराची कडी वाजते. कुणी आल्यामुळे बाई गप्प होते.'
कोण आलं असेल, यावर एका प्रबंधात अडीच पानं आहेत.

तिसरी प्रत विल्यांदीत, शाळेच्या तळघरात, टेपवर.
पंचाहत्तर किलोमीटर, रस्ता बर्फानं गुळगुळीत.
किल्लीवाला आर्वेद म्हणाला, एका बिटासाठी?
हो.
त्यानं खांदे उडवले, पण दिवा धरून उभा राहिला.
टेप कुरकुरली, थांबली, परत फिरली.
आलेला ताळा वहीशेजारी धरून
बोटानं एकेक अक्षर लावलं.
बत्तीसच्या बत्तीस.

हेडफोन लावले.
लाकूड. घड्याळ.
सातवा सेकंद आला, गेला.

कुणीही आलं नव्हतं.
दार लागलेलं होतं, खोलीत आपलीच माणसं होती,
आणि ती आपणहून गप्प होती,
पुरे अकरा सेकंद.

दोन्ही प्रती बदलल्या. 'कडे'चं 'पासून' केलं.
तळटीप काढा म्हणून संपादकांना दोन ओळी,
प्रबंधवालीला मात्र लांब पत्र,
तिसऱ्या खर्ड्यानंतर पाठवलं.
आणि हिल्यारच्या वहीत, चारशे सतराच्या खाली:
चूक माझी, सापडली तुझ्यामुळे.
उर्वे. चूकभूल द्यावी घ्यावी.

पेन्सिलीनं.
शाईची अजून हिंमत होत नाही.