दुवा

खोरोगच्या बाजारात, पुलाच्या अलीकडे,
चपला शिवणाऱ्याला लागून माझी टपरी.
पाटीवर लिहिलंय : फोटो, झेरॉक्स, रिचार्ज.
पाटीवर नाही ते असं, की
या गावातली निम्मी लग्नं माझ्या हातून रशियाला गेली.

काय पाठवायचंय ते मी विचारत नाही,
किती जड आहे तेवढं विचारते.
चॅटवर टाकला की व्हिडिओ दळून निघतो.
नवरीच्या ओढणीवरची नक्षी
म्हणजे लाल चौकोनांचा चिखल.
गाय व्याली, छपराला नवे पत्रे घातले,
एवढं त्या पिठातही ओळखू येतं.
जड असेल तर वर साठवणीत चढवायचं
आणि दुवा पाठवायचा. वीज असेल तर.
गुंत नदीला पाणी असेल तर वीज.
घाई नसेल तर पेन ड्राइव्ह
दुशान्बेच्या जीपवाल्याकडे, जर्दाळूच्या पिशवीत.
खरं सांगू? भरवशाची वाट तीच.

म्हातारी माणसं निघताना मला दुवा देतात,
मी त्यांना दुवा देते.
माझ्याची मुदत सात दिवस.

दौलतमामाद आला तेव्हा मार्च होता, रस्त्यात चिखल.
रुमालाच्या गाठीतून त्याने कार्ड काढलं.
आईचं आहे, म्हणाला. किमतशोला पाठव,
त्याला सुट्टी मिळाली नाही.
बारीक करून पाठवू?
नको. तिचे हात दिसले पाहिजेत.

चार जीबीला थोडं कमी. फुकटात दोन मावतात.
कापावं लागेल, म्हटलं, कुठे कापू?
जिथे ती, म्हणाला,
आणि चपलावाल्याच्या ऐरणीकडे बघत राहिला.
मी जागा शोधली.
पहिल्या भागात जानेवारी :
मिठाच्या दुधाळ चहात ती भाकर कुस्करते,
कॅमेऱ्यावर खेकसते, ते बंद कर, आधी खा.
दुसऱ्या भागात रबाब, रात्रभराचा दिवा,
आणि चढणीवर खांदे बदलणारी माणसं.

रात्री दोनला गाव झोपतं, तेव्हा रेषा जरा मोकळी होते.
एक्याण्णव टक्क्यांवर घोडं अडलं.
पुन्हा पहिल्यापासून.
पहाटे दोन्ही चढले, दोन दुवे गेले,
मी शटरमागे शिळी भाकर खाल्ली.

येकातेरिनबुर्गचं घड्याळ आणि आमचं घड्याळ एकच,
पण किमतशोचा डेटा पगाराबरोबर येतो.
सातव्या संध्याकाळी त्याचा फोन :
पहिला उतरला, ताई, दुसरा साठावर आहे.
माझ्या दुसऱ्या मोबाइलने नेमका तेव्हाच
पलीकडचा, अफगाणिस्तानचा टॉवर धरला.
आमच्या बाजारात असं होतं,
एका खिशात एक वेळ, दुसऱ्या खिशात
अर्धा तास मागची.
मी त्यात बघून म्हटलं, आहे, अजून अर्धा तास आहे.
नव्हता.
साठवणीला कुठला काठ कुणाचा ते माहीत नसतं.

थांब, म्हटलं, माझ्याकडे आहे, पुन्हा चढवते.
तो गप्प. मागे कुणीतरी पातेली घासत होतं,
अठरा माणसांची असावीत, संपता संपेनात.
मग म्हणाला, राहू दे.
कामावरून आलो की ती लावतो.
ती म्हणते आधी खा,
आणि मी खातो.
त्याच्या पुढचं तुझ्याकडे असू दे.

डिस्क भरत आली की मी लग्नं पुसते,
जत्रा पुसते, मंत्री आला होता ते पुसते.
'मोदर २' तिथेच आहे.
परत उघडली नाही.

दौलतमामादला निम्मे पैसे परत देऊ केले,
काम अर्धंच झालं ना.
त्याने नोटा माझ्याच गल्ल्यात सरकवल्या,
भाडं समज, म्हणाला,
आणि पुलाकडे चालू लागला.