चांदीवर पांढरं

मार्च. नुमाताच्या उतारावर काळवंडलेल्या बर्फाचे ढीग
आणि दुकानाच्या शटरवर
डोंगरावरचा कोरडा वारा थापा मारत होता.
तेव्हा त्सुनोदाबाई आल्या,
चंदेरी, दोन दारांची,
जमिनीला पोट टेकवून बसलेली गाडी घेऊन.
मी ओळखलं. त्यांनी मला त्याआधीच.
"दोनदा नापास," त्या म्हणाल्या,
"डावीकडे वळताना आरसा न बघणारा."
कोगुरेसान हसले. मी जॅक शोधायला गेलो.

एकतीस वर्षं त्या डावीकडच्या सीटवर बसल्या.
उजवीकडे रोज नवं कुणी, घामेजलेलं.
मांडीवर पाटी, पेन्सिल,
पायाखाली तो जादा ब्रेक.
गाडी रोज होती, चालवत दुसरंच कुणी होतं.
निवृत्तीच्या पैशांतून ही घेतली, तिसऱ्या हातची.
फक्त चाकं पटली नाहीत:
आधीच्या मालकाची, क्रोमची, चकचकीत,
नवरीपेक्षा करवली जास्त नटावी तशी.

आम्ही मांडामांड केली.
तांबूस सहा आऱ्यांचं टेकवलं पुढच्या चाकाला,
मागे बंदुकीच्या नळीच्या रंगाचं.
कोगुरेसान चार पावलं मागे सरकले, डोळा बारीक केला:
चांदीवर गडदच उठून दिसतं,
सतरा इंची, ऑफसेट अठ्ठेचाळीस, पंख्याला घासणार नाही,
आणि हे बघा, वजन! सात किलोसुद्धा नाही.
बाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं,
पहिल्यांदा भेटणारं मूल उचलावं तसं,
जरा अवघडून, आणि परत ठेवलं.

"चालवताना मला यातलं काय दिसणार?"

काहीच नाही, कोगुरेसान म्हणाले. ते खरं बोलतात,
म्हणून दुकान लहान राहिलंय.
चाक हे रस्त्यावरच्या इतरांसाठी.
वेगात तर आरेही उरत नाहीत,
नुसती एक भोवरी, रंगाची.

"मग ती भोवरी दाखव."
किल्ली माझ्या हातात.
दुकानामागच्या मोकळ्या जागेत, भाताच्या रिकाम्या खाचरांशेजारी
मी गाडी फिरवली: आधी तांबूस, मग गडद,
मग कपाटातलं शेवटचं, कुणी न मागितलेलं पांढरं.
दर फेरीला बोल्ट काढा, बोल्ट लावा, बोटं बधिर.
त्या वाऱ्यात उभ्या, मफलर कानांवर.
वळणावर मी जरा वेगात आलो
आणि आरशात पाहिलं (या वेळी पाहिलं):
त्यांचा उजवा पाय
डांबर दाबत होता.
त्यांनाही ते कळलं.
पाय उचलून त्यांनी बूट झटकला, जणू खडा गेला होता.

"पांढरी."

चांदीवर पांढरं? कोगुरेसानांचा चेहरा
मीठ विसरलेल्या सूपसारखा.
उठून दिसणार नाही, बाई. शिवाय ब्रेकची काळी भुकटी,
आठवड्यात कळकट होतील, लपणार नाही काही.
"लपायला नकोच आहे," त्या म्हणाल्या,
"मी किती दाबते ते मला बघायचंय."

जूनमध्ये परत आल्या, हवा भरायला.
मागची चाकं दुधासारखी,
पुढची दोन्ही कंदिलाच्या काचेसारखी काजळलेली.
मी फडकं घेऊन वाकलो. थांब, म्हणाल्या.
आऱ्यावरून एक बोट फिरवलं,
बोटाकडे पाहिलं, पूर्वी पाटीकडे पाहायच्या तसं.

"नापास?" मी विचारलं.

बोट पुसलं नाही त्यांनी.
तसंच स्टीअरिंगवर ठेवलं,
आरसा बघितला, पुन्हा बघितला,
आणि फाटकातून डावीकडे वळल्या
जरा जोरातच.