गॅरेजवरचा दिवा

फ्राउकेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या
त्या कुंपणापलीकडून, दिव्याबद्दल.
मांजर गेलं तरी पेटतो तुमचा दिवा,
आणि मला अंधाराशी पुन्हा पहिल्यापासून
ओळख करून घ्यावी लागते.

डेल्फ्टच्या या कडेला अंधार म्हणजे तरी काय,
पश्चिमेला काचघरं, आत रात्रभर टोमॅटो वाढतात
आणि त्यांच्यावरचे ढग भाजल्यासारखे नारिंगी.
चांगल्या रात्री चाळीसेक तारे.
बाईंना ते घरटी माहीत.

टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं निवडली त्यांनी.
आता बागेतल्या घडीच्या खुर्चीवर
मांडीवर वही, गळ्यात दुर्बीण, मुठीत स्टॉपवॉच.
लुकलुकलं तर विमान, म्हणतात,
गुमान चालत राहिलं तर आपलं.

एक आहे, जुन्या रॉकेटचं रिकामं टमरेल,
कोलांट्या खात जातं,
दर अकरा सेकंदांनी एकदा चमकतं.
गेल्या वर्षी दहा होते. दमतंय, म्हणाल्या,
आणि नाक शिंकरलं. थंडी होती.

मी दिव्याचं बटण शोधून ठेवलं.
एप्रिलात मीही खुर्ची नेली.
सप्तर्षींच्या शेपटीखालून आलं ते,
चमक, मग काही नाही, मी श्वास धरून,
चमक,
आणि स्वातीच्या अलीकडे
पृथ्वीच्या सावलीत पाऊल पडलं त्याचं.
विझलं नाही हं ते, बाई म्हणाल्या,
आहे तिथंच. चाललंय.

मग त्या गुरुवारी वीज गेली.
सगळ्या वस्तीची, काचघरांचीसुद्धा.
लोक चपला घालून रस्त्यावर आले, माना वर,
कुणाचं तरी पोर मोठ्यानं हसलं.
इतके तारे! सांडलेल्या मिठासारखे.
मी धावत कुंपणाशी गेलो, म्हटलं,
बाई, आज तर तुमची चंगळ.

त्या उभ्या होत्या. दुर्बीण खाली.
नऊ बावन्नला यायचं होतं, म्हणाल्या,
पण मला स्वातीच सापडेना.
आवाज असा, जत्रेत हात सुटलेल्या बाईसारखा.
आम्ही दोघांनी शोधली.
मी तीनदा भलत्याच ताऱ्याकडे बोट केलं.

दहा वाजून गेल्यावर दिवे आले,
पश्चिम नारिंगी झाली, शेजारचा फ्रीज गुरगुरला,
आणि माझा दिवा, बटण विसरलेलो,
भक्कन आमच्या तोंडावर.
डोळ्यांवर हात धरून बाई थोडा वेळ थांबल्या.
हं, मग म्हणाल्या, ही बघा. इथंच तर होती.

वहीत हुकलेल्या रात्रीपुढं त्या 'ढग' लिहितात.
त्या रात्रीपुढं लिहिलंय
'गर्दी'.