नियम ४७

रात्रीचे अकरा चाळीस.
विट्याच्या कॉलेजात एकच खिडकी पिवळी.
पोर्टल बाराला मिटतं.

अकराशे बेचाळीस पोरं गेली पलीकडं.
टॅग उघडला, टॅग मिटला, हिरवी खूण.
तिघं अडली.
एकाच्या पिन कोडला सहावा आकडाच नव्हता, तो सापडला.
एकाची जन्मतारीख एकतीस जून,
शाळेच्या दाखल्यावरही तीच.
हेडमास्तरांना उठवलं, त्यांनी हसून तीस केली.

उरली मृणाली धनवडे.
नियम ४७ : जन्मतालुका यादीत नाही.
यादीत खानापूर आहे, आटपाडी आहे, जत, कडेगाव आहे.
सेलम नाही.

वडलांना फोन लावला. मागं भट्टीचा ब्लोअर.
"हितंच झाली की पोरगी, दुकानाच्या माळ्यावर.
खानापूर लिवा मॅडम. कोण बघतंय?"
नियम बघतो, म्हटलं.
पण खानापूर म्हटलं की तो गप्प बसेल.
खोटं त्याला कळत नाही,
फक्त यादीबाहेरचं कळतं.

थोडा वेळ नुसता ब्लोअर.
मग म्हणाले, "आमी सोनाराचा केर इकत घेतो.
पोत्यानं. जाळायचा, धुवायचा.
निघतं कायतरी.
परत्येक पोत्यात न्हाई निघत."

अकरा अठ्ठावन.
मी खानापूर टाकलं.
हिरवी खूण आली,
इतकी झटकन, की मलाच कसंतरी झालं.

एरर रिपोर्टचा कागद टोपलीत नाही टाकला.
घडी घालून पर्समध्ये, एसटीच्या पासाशेजारी.
त्यावर एकच ओळ आहे :
सेलम. अमान्य.