एकास शंभर

कादराबादच्या गल्लीत माझं घड्याळांचं दुकान.
आता दुरुस्ती कमी, सेल बदलून घेणारेच जास्त.
एप्रिलच्या एका दुपारी अंभोरे आले,
जुन्या लुंगीत गुंडाळलेलं जहाज काउंटरवर ठेवलं,
दीड हात लांब, सागवानी, उघडंबोडकं,
म्हणाले, नईमभाई, याला सामान करायचंय.
एकास शंभर.

सत्तावीस वर्षं जहाजाच्या इंजिनात तेल घातलेला माणूस.
जालन्यात परतल्यावर लोक विचारत,
मासे लई मिळत असतील?
ते म्हणत, वरणभातच खायचो.

पहिला मी नांगर केला. पितळेचा. दोन रात्री लागल्या.
त्यांनी तळहातावर घेतला, हसले,
हा तर शेतातला झाला की.
जाडी फक्त अर्धा मिलिमीटर जास्त होती.
अर्धा मिलिमीटर म्हणजे तिकडं पाच सेंटिमीटर,
म्हणजे माझं मनगट.
घड्याळात एवढ्या चुकीला वेळ थांबते,
जहाजात काही थांबत नाही,
पण सामान मोठं झालं की ते मोठं दिसत नाही,
जहाज लहान होतं.
खेळणं होतं, एका क्षणात.

मग लेडीज घड्याळांच्या नळ्या कापून गोल खिडक्या.
बालकमानी सरळ करून दोरखंड
(सरळ होत नाही ती, सवय जात नाही तिची).
कठड्याला पट्ट्याच्या पिना लावल्या,
तर म्हणाले, हे विजेचे खांब कुणी रोवले?
त्या उपटल्या. मोती ओवायच्या सुया आणल्या.
कठडा किती उंच?
ते उठले, बेंबीखाली हात आडवा धरला, इथवर.
मी टेप लावला. एकशे चार.
शिडीच्या पायऱ्या?
त्यांनी स्टुलावर पाय ठेवला.
दाराचा उंबरा? पाय थोडा आणखी वर.
कागदावर जहाजाचं एकही माप नव्हतं,
सगळी अंभोऱ्यांची,
शिंप्याच्या वहीत असतात तशी.

मागच्या बाजूला, डावीकडं,
एका जागी कठडा वाकवायला सांगितला, केसभर.
कशानं वाकला होता?
क्रेनचा हूक लागला एकदा.
मग चहा संपल्यावर, कप उपडा घालताना,
मी पण रोज तिथंच टेकायचो.

मे. पंखा बंद,
कारण पंखा लावला की जहाजाचं सामान जालनाभर.
भिंग डोळ्याला, चिमट्यात साखळीची शेवटची कडी,
आणि माझ्या कपाळावरून घामाचा थेंब
थेट डेकवर.
दोघंही वाकून बघत राहिलो.
पसरला नाही तो. फुगून उभा राहिला,
शंभरपट करा, घागरीएवढा,
कठड्याच्या मध्यापर्यंत आलेला,
नुसता, भांड्याशिवाय.
असं पाणी कुठल्याच समुद्रात नसतं, अंभोरे म्हणाले.
लाकूड कापलं, पितळ कापलं, स्वतःलाही कापून घेतलं मापात,
पाणी काही ऐकेना.
मी कापसाच्या टोकानं टिपून घेतलं.

त्यांचा नातू दर रविवारी विचारतो,
मोती तलावात कधी सोडायचं?
ते म्हणतात, सोडायचं नाही.
एवढंच सांगतात. कारण मला माहीत आहे,
पण पोराला मी कोण सांगणारा.

जहाज त्यांच्या घरी गेलं, टीव्हीच्या वर काचेत.
हिशेबाला बसलो तर पैशांवरून थोडं वाजलंच,
सुयांचे मी धरले नव्हते, ते म्हणाले धरा.
पहिला नांगर इथंच राहिला,
काउंटरच्या काचेखाली, बंद पडलेल्या घड्याळांत.
गिऱ्हाईक बोट ठेवून विचारतं, हे काय?
नांगर.
ते एकदा त्याच्याकडं बघतं, एकदा माझ्याकडं,
सेल बदलून होईपर्यंत गप्प बसतं,
मग मनगटावर पट्टा आवळताना विचारतं,
जमीन किती आहे तुम्हाला?