उलट्या तोंडाचा शेजारी

तुझा चेहरा मला नीट आठवत नाही, शिकंदर.
चार वर्षं शेजारी बसलो,
मी चौथ्या चौकोनात, तू पाचव्यात,
पण खो-खोत शेजाऱ्याचं तोंड उलटीकडं असतं.
माझं ओढ्याकडं,
तुझं बेदाण्याच्या शेडकडं.

टाच आठवते.
भेगांत चुना भरलेली,
उठताना माती खरवडून जाणारी.
आणि खोकला. शेडवरनं गंधकाचा धूर आला
की सावळजचं निम्मं मैदान खोकायचं,
पण तुझा आवाज मोठा.
सर ओरडायचे, "मुलाणी, खो दे, खोकू नको!"
आख्खी रांग हसायची,
हसतानाही कुणी मागं वळायचं नाही.

सांगलीला, इस्लामपूरविरुद्ध,
शेवटची वीस सेकंद, एक गडी उरलेला.
तू खांबावर सूर मारलास.
डाव्या हातात खांब, बाकीचं अंग हवेत आडवं,
बोटाचं टोक त्याच्या बनियनला लागलं,
मग तू हनुवटीवर पडलास.
तीन टाके.
टाके घालणाऱ्या डॉक्टरलाच विचारत होतास,
"बाद दिला न्हवं?"

राज्याच्या शिबिराचं पत्र आलं
त्याच आठवड्यात कोल्हापूरला भरती होती.
टेंबलाईच्या माळावर रात्र काढली आपण,
पोटात गूळ-शेंगदाणे, उशाला चपला.
सोळाशे मीटरला तू दुसरा, मी अकरावा.
पुढं ओल्या पायानं फरशीवर उभं केलं.
माझा ठसा सपाट उमटला, आख्खा.
डॉक्टरनं न बोलता फुली मारली.
तुझ्या ठशात मधे कमान होती, पुलाची असते तशी.
बघता बघता वाळून गेली.

परतीच्या एस्टीत मी विचारलं, आन् शिबिर?
म्हणालास, "पगार असतो रं तिकडं."
एवढंच.
सरांना तेवढंही नाही.
सरांनी ते पत्र हजेरीपटात ठेवलं,
आठ दिवस तुझ्या नावापुढं हजर मांडत राहिले.
नवव्या दिवशी पाचव्यात तेल्याचा रामलिंग बसवला.
तो हळू होता. अजून हळूच आहे,
दुकानात साखर मोजतानासुद्धा.

बेळगावच्या गाडीत चढताना
तू मागं बघितलं नाहीस.
मला राग नाही आला. नियमच आहे,
एकदा खांदा वळला
की खांब गाठेपर्यंत फिरता येत नाही.

पत्रं तीन आली.
पहिल्यात जेवणाविषयी.
दुसऱ्यात, दोन झेंडाकाठ्या रोवून
पलटणीतल्या पोरांना खो-खो शिकवलास,
लातूरचा एक गडी बरा सूर मारतो म्हणून.
तिसरं वरून, बर्फातून:
"हितं लोखंडाला उघडा हात लावायचा नाही,
कातडी चिकटून निघती.
मी हातमोजा घालून लावतो.
पण खांब दिसला की लावतोच."

पुढचं गावाला ठाऊक आहे.
बिगूल, आमदार, उन्हात उभी केलेली पोरं.
पेटी बंद होती,
तेव्हाही चेहरा राहिलाच.
कबरस्तानात तुझे अब्बा माझ्या हाताला धरून
सारखं एकच विचारत होते,
"त्याला थंडी सोसायची न्हाई, तुला म्हाईत हुतं का?"
मला माहीत नव्हतं.
वेशीच्या कमानीवर नाव घातलंय, हुद्दा, पलटण, तारीख.
मी म्हटलं होतं, खो-खोपटू लिहा.
रंगाऱ्याला जागा पुरली नाही.

आता मी त्याच शाळेत शिपाई.
मैदान मीच आखतो, फक्की माझ्याच हातची.
पाचवा चौकोन आखताना काही होत नाही,
खरं सांगतो.
होतं ते भलतीकडंच.
परवा बँकेत बाकड्यावर बसलो होतो,
मागनं कुणी पाठीला हात लावला,
आणि मी उठलो की!
उजवा पाय पुढं, बोटं जमिनीला टेकलेली,
समोर कॅशियरची जाळी,
पळणारं कुणीच नाही.
"पेन हाय का?" मागचा म्हणाला.
पेन दिलं. खाली बसलो.
शेजारचा माणूस
दुसरीकडं तोंड करून बसला होता.