हयातीचा दाखला

सव्वीसाव्या वर्षीच माझं ऐकून संपलं होतं.
म्हणजे मला तसं वाटायचं.
दोनशे अकरा कॅसेट, चौसष्ट तबकड्या,
माहीमच्या घरात सागवानी फळीवर अक्षरवार लावलेल्या,
एका बोटाचीही फट नाही.
कुणी नवं काही ऐकवलं की मी म्हणायचे, हं,
बरंय, पण ड्रम्स ऐक ना,
पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखे.
असं म्हणता म्हणता सत्तेचाळीसची झाले.

चोरबाजारात गेले ती सुईसाठी.
टर्नटेबलची सुई. आईला वाटलं, शिलाई मशीनची,
म्हणून तिनं सोबत बॉबिनही सांगितलं.
ताहेरभाईंकडे सुटे नव्हते.
वीस रुपयांच्या बदल्यात त्यांनी
एक तबकडी ठेवली हातावर.
'घेऊन जा. बोटीवरच्या माणसाच्या घरातनं आली.
कोण घेत नाय.'
कव्हर नव्हतं. मधला कागद कधीतरी भिजलेला,
निळ्या डागात तीन अक्षरं, तीही अर्धवट.

घरी लावली.
आधी नुसती खरखर, तेलात मोहरी.
मग गिटार.
माझ्या फळीवरच्या गिटारी कशा,
ओरडायच्या, दार आपटून निघून जायच्या.
ही दारातच रेंगाळत होती,
एका पायानं चप्पल शोधत,
आतल्या कुणाशी तरी अजून बोलत.
आणि ठोका थोडा उशिराच यायचा,
पंगत बसल्यावर येऊन
हक्कानं मधे जागा करून घेणाऱ्या मामासारखा.
मी हं म्हणायला तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं.

तिसऱ्या गाण्यात चरा होता.
'सेंबे लाये, सेंबे ला—'
'सेंबे लाये, सेंबे ला—'
सुई पुढे जाईना.
मीही उचलली नाही लगेच.

नोव्हेंबर. माझगाव शाखा, खिडकी क्रमांक तीन.
पेन्शनवाल्यांची रांग,
आपण जिवंत आहोत हे लिहून द्यायला आलेली.
मी शिक्के मारत होते. सेंबे लाये, ठप्प.
सेंबे ला, ठप्प.
आणि काचेपलीकडून कुणीतरी
चऱ्याच्या पुढचं म्हणालं.

याकूब सोलकर, वय ब्याऐंशी,
निवृत्त खलाशी, मूळ गाव दापोलीकडचं.
दात मोजकेच, पण सूर जागेवर.
'बाय, ही तुला कुठं गावली?'
मी सांगितलं. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.
'मोंबासा. बोटीचं इंजिन बिघडलेलं,
अकरा दिवस बंदरात.
धक्क्याजवळच्या हॉटेलात रोज हीच लावायचे.'
अर्थ काय हिचा, मी विचारलं.
'अर्थ कुणाला ठावूक?
आमी नाचलो.'

पुन्हा म्हणा ना, मी म्हणाले.
त्यांनी म्हटलं. पुढची ओळ, आणि त्याच्या पुढची,
मग कुठेतरी विसरले, आणि नुसता हात हलवत राहिले
तो भाग संपेपर्यंत.
मागून टोकन चौसष्ट ओरडलं,
'मॅडम, सर्व्हर डाऊन आहे का?'
मी म्हटलं, हो.

अंगठा ओल्या स्पंजवर टेकवून
त्यांनी हयातीच्या दाखल्यावर उमटवला.
मी तो जरा जास्तच वेळ बघत बसले.
वर्तुळात वर्तुळं, बारीक,
आणि मधून आडवा गेलेला एक जुना व्रण.

आता चरा आला की मी सुई उचलते,
याकूबचाचांच्या दोन ओळी स्वतः म्हणते, बेसूर,
आणि पुढे नेऊन ठेवते.
फळीवर तिला जागा नाही.
कुठल्या अक्षराखाली लावणार?
ती टर्नटेबलवरच असते, वर आईचा जुना रुमाल.
उलटी बाजू अजून ऐकलेली नाही.
मुद्दाम.

शनिवारी पुन्हा जायचंय ताहेरभाईंकडे.
आईचं बॉबिन राहिलंय.